बारा प्लायचे टायर टाकले म्हणून पिकअपची ताकद वाढत नाही

रायपुरात टाटीबंधपासून भनपुरीपर्यंत टायरच्या दुकानांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : “बारह प्लाय डलवा लो, फिर जितना चाहे लादो।” सिलतरा आणि उरल्यातून सळया, अँगल, पत्रे वाहणारे पिकअपवाले तो मानतात, आठऐवजी बारा प्लायचे टायर बसवतात आणि दुसऱ्याच दिवशी टनभर माल जास्त चढवतात. तात्यापाऱ्यातली शिकलीसवरलेली मराठी मंडळीही, घरचा लोखंडाचा व्यापार असला की, हेच ठासून सांगतात. हा सल्ला साफ चुकीचा आहे, जिवावर बेतणारा आहे.

‘12 पीआर’, म्हणजे बारा प्लाय रेटिंग, याचा अर्थ आत बारा थर, हीच मुळात चुकीची समजूत. टायरमध्ये सुती धाग्याचे थर घालत, त्या काळची ही मोजणी. नायलॉन आणि पोलाद आले, थर कमी झाले. आकडा मात्र ताकदीचे माप म्हणून राहिला. आजच्या रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत बहुधा एक-दोनच थर असतात. विश्वास बसत नसेल तर टायर फिरवून पाहा, बऱ्याच टायरांवर आतली रचना उठावाच्या अक्षरांत दिलेली असते.

वजन पेलते ती टायरमधली हवा. प्लाय रेटिंग सांगते ते एवढेच, की हा टायर किती दाबाची हवा सोसू शकेल. एकाच मापाच्या आठ आणि बारा प्लायच्या टायरांत सारखीच हवा भरली, तर दोन्हींची वजन पेलण्याची क्षमता जवळपास सारखीच राहते. इंडियन टायर टेक्निकल अॅडव्हायझरी कमिटीच्या मानक पुस्तिकेत हवेचा दाब आणि वजन यांचे तक्ते आहेत, ते शंका असणाऱ्यांनी जरूर पाहावेत. म्हणजे जादा पैसे मोजून बारा प्लाय घ्यायचे आणि हवा जुनीच ठेवायची, यात क्षमता वाढतच नाही. दाब वाढवायचा तर रिमही तेवढा दाब सोसणारी हवी, आणि ते तर कोणी विचारतच नाही.

टायर निवडताना पाहायचा तो लोड इंडेक्स. मापाच्या पुढे 110/108 असे काही छापलेले असते. 110 म्हणजे 1,060 किलो, 108 म्हणजे 1,000 किलो, दर टायरमागे. पहिला आकडा पुढच्या चाकाचा आणि दुसरा मागच्या चाकाचा, असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही. पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. मागे दोनच चाके असलेल्या पिकअपला पहिलाच लागू.

आता हिशेब करू. समजा, रिकामी गाडी 1,700 किलो, माल 1,300, एकूण 3,000. हौदा मागच्या अॅक्सलवर असल्याने भरल्या गाडीचे 2,000 किलो मागे येतात, म्हणजे एका चाकावर 1,000. एकूण वजनाला चारने भागून 750 काढणारे इथेच फसतात. अशा गाडीला 108 हा किमान आकडा झाला, आणि त्यात हातचे काहीच उरत नाही. 110 किंवा 112 घेणे शहाणपणाचे.

सळयांचे तर आणखी वेगळे. बारा मीटरची 12 मिलिमीटरची सळई सुमारे 10.7 किलो भरते. 1,300 किलो म्हणजे अशा 122 सळया. दुमडल्या तरी सहा मीटर लांब, हौद्याबाहेर लोंबणाऱ्या. मालाचा भार मागच्या अॅक्सलच्याही मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि मागच्यांवर मालाच्या वजनापेक्षाही जास्त भार पडतो. स्टिअरिंग हलके लागायला लागले की ड्रायव्हरला हे कळते, पण तो ते टायरशी जोडत नाही. धर्मकाट्यावर गाडीचे एकूण वजन करतोच ना आपण? मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन तेही एकदा मोजा.

आणि समजा 900 किलो जास्त भरले. मागे सुमारे 2,850, एका चाकावर 1,425. 121 इंडेक्सचा टायर 1,450 पेलतो, म्हणून टायर टिकेलही. पण अॅक्सल, बेअरिंग, पाटे, ब्रेक? ते 2,000 किलोंच्या हिशेबानेच बनवलेले आहेत. जगदलपूरहून परतताना केशकाल घाट उतरायचा असतो. तिथे तीस टक्के जादा वजन थांबवायचे म्हणजे ब्रेकवर उष्णताही तीस टक्के जादा. टायर फुटला नाही म्हणून गाडी सुरक्षित आहे, असे मानणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, याची खरोखर चीड येते.

उन्हाळ्यातला गैरसमजही कमी घातक नाही : मे महिन्यात पारा 45 अंशांवर, म्हणून हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटेल. उलट आहे. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरचा असतो, आणि गरम झाल्यावर वाढणारा दाब त्यात धरलेला असतो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, थर सुटतात आणि तोच टायर फुटतो. पहाटे गाडी निघण्याआधी हवा तपासावी. ढाब्यावर तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

बाकीचे थोडक्यात. नायट्रोजनने क्षमता वाढते? नाही, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. माप जुळले की कारचा टायर चालतो? लोड इंडेक्स कमी असेल तर नाही. नक्षी दिसते तोवर टायर चांगला? केंद्रीय मोटार वाहन नियम 94 प्रमाणे चारचाकीला किमान 1.6 मिलिमीटर खोली हवी. दुकानात पडून असलेला टायर नवाच? बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा.

भारी टायर दाखवले की चौकीवर सूट मिळते, असेही बोलतात. अधिकारी नोंदणी पुस्तकातले एकूण वजन पाहतो, टायर नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, आणि जादा माल स्वतःच्या खर्चाने उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.