प्रोस्टेटवरील दोन गोळ्या

रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, आणि इतके करूनही मूत्राशय रिते झाल्याचे समाधान नसणे, या तक्रारी वयस्क पुरुष सहसा घरच्या माणसांपाशीही बोलत नाहीत. वयाचा दोष म्हणून त्या सोसल्या जातात. वस्तुतः साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी वाढली की आतली वाट आवळली जाते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र तशी खात्री डॉक्टरांनीच करावयाची असते.

यावर सामान्यतः दोन जातींच्या गोळ्या देतात. टॅम्सुलोसिनसारखी औषधे ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू सैल करतात. त्यांनी काही दिवसांतच आराम वाटतो. ग्रंथी मात्र लहान होत नाही. अंथरुणातून एकदम उठल्यास घेरी येते, तेव्हा रात्री क्षणभर काठावर बसून मग उठावे.

दुसऱ्या जातीच्या औषधाची कथा मोठी विलक्षण आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास नावाच्या खेड्यात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचे कारण प्रसिद्ध केले: पुरुषी संप्रेरकाला अधिक प्रभावी रूप देणारे एक विकर या मुलांत उणे होते. त्यांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राही! तेच विकर औषधाने रोखण्याच्या प्रयत्नांतून फिनास्टेराइड निघाले. अमेरिकेत १९९२ साली त्याला मान्यता मिळाली. ग्रंथी आक्रसण्यास सहा महिने लागतात, आणि आपल्याकडची मंडळी दुसऱ्या महिन्यातच गुण नाही म्हणून ते सोडतात. काहींची कामेच्छा मंदावते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गर्भातील मुलग्याच्या अवयवांना बाधा पोचू नये म्हणून गर्भवती स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये.

श्रोतेहो, खरा धोका आहे तो लपवाछपवीत. याच वयात मोतीबिंदूही येतो. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्यातील रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी शिथिल होऊन फडफडू शकतो. २००५ साली हे प्रथम नोंदले गेले. आधी कळले तर शल्यचिकित्सक तयारीने उतरतो. केवळ चार दिवस गोळी बंद ठेवून हा धोका टळत नाही, म्हणून सांगणे अटळ. त्याचप्रमाणे, फिनास्टेराइडने रक्तातील पीएसएचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. डॉक्टरांना गोळी ठाऊक नसेल तर कर्करोगाची सूचना देणारा आकडाही त्यांना निर्धोक वाटेल.

दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा रुग्णाची लघवी अजिबात तुंबू शकते. तसे झाल्यास उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.