आठ आण्यांचा हिशेब

प्राध्यापक मंडळी आकडे बोलू लागली की आपण मुकाट्याने पान उलटतो. मीही उलटतो. पण पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली मांडलेला हिशेब मला उलटता आला नाही. माणसाला जगायला कमीत कमी किती लागते? १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. म्हणजे दिवसाला आठ आणे आणि बारा आणे! एवढाही खर्च न झेपणारी माणसे खेड्यांत शेकडा ४०, शहरांत शेकडा ५०. हा हिशेब कोणतीही गृहिणी आपल्या जमाखर्चाच्या वहीशी ताडून पाहू शकत होती.

त्यांनी उपायही सांगितला : कामाची हमी. महाराष्ट्राने १९७२ मध्ये रोजगार हमी योजना सुरू केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. (योजनेचे जनक मात्र वि. स. पागे.)

पुढे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर थोडक्यात जुळवून घेते. तेव्हा भुकेल्यांची संख्या फुगली आहे! दांडेकरांना हे मान्य नव्हते. १९८० नंतर हा वाद चांगलाच रंगला. मला विचाराल तर मी दांडेकरांच्या बाजूचा. शरीर थोडक्यात भागवते ते पुष्कळदा कामाला कात्री लावून, आणि मजुराचे पोट तर कामावरच! सुखात्म्यांचे एक मात्र पटते : पिण्याचे पाणी घाण असेल, तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही.