मांजर मरायला जात नाही

मांजराला मरण आधी कळतं, म्हणून ते निघून जातं, असं सर्रास म्हणतात. खरं तर ते जातं लपायला. मांजर शिकारी खरं, पण कुत्र्यांच्या तावडीतही सापडतं. अशक्तपणा दिसला की संपलंच! म्हणून आजारी भटकं मांजर जिन्याखाली, पत्र्याआड अंग चोरून बसतं. खाणं आणि अंग चाटणं थांबतं, केसांच्या गुठळ्या होतात, आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा डोळ्यावर सरकतो. घुरघुर ऐकू आली तरी ती सुखाचीच असते असं नाही. ही मरगळ म्हणजे रोगजंतूंशी लढताना शक्ती वाचवण्याची शरीराची युक्ती, असं पशुवैद्यक संशोधक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं. मात्र काही दिवसांच्या उपासाने यकृत बिघडू शकतं. असं मांजर दिसलं, तर उघड्या हातांनी धरू नका. जाड टॉवेल टाकून खोक्यात ठेवा आणि पशुवैद्याकडे न्या.