कप आणि पक – भाग ७ : गोल कुणी मोजायचे नाहीत

टिम हॉर्टन्स या कॅनडाच्या कॉफी-डोनट साखळीचं दुकान बघायला या आठवड्यात शांघायला जायचं ठरलं होतं. ते जाणं पुढे ढकलतो आहे, कारण नाशिकच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आठवडाभर डोक्यातून हलत नाही. त्या विचारतात, ‘टिम हॉर्टन हॉकीचा खेळाडू होता, त्याचंच नाव दुकानाच्या पाटीवर लागलं, हे समजलं. पण १९७४ मध्ये गेलेला माणूस आजच्या पोरांना काय माहीत? मग खेळावर एवढा पैसा ओतून कंपनीच्या पदरात पडतं काय?’

बाई, पोरांना तो माहीत नसतोच. कॅनडात मिसिसागाला राहणाऱ्या माझ्या पुतण्याची सात वर्षांचा होईपर्यंत ठाम समजूत होती की ‘टिम’ हा कॉफीचाच एक प्रकार. पण टिमबिट म्हणजे काय, हे त्याला चालता येण्याआधी कळलं असावं. डोनटच्या मधलं भोक भरेल एवढा हा गोळा, १९७६ मध्ये दुकानात आला. (मेदूवड्याचं भोक वेगळं विकायची युक्ती आपल्या उडप्यांना सुचली नाही, याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.) पुढे कंपनीने हेच नाव चिमुरड्यांच्या खेळांना दिलं. टिमबिट्स हॉकी, टिमबिट्स सॉकर. गावातल्या दुकानाचा मालक गावातल्या पोरांना जर्सी देणार, आणि हार-जीत कुणी मनावर घ्यायची नाही.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो शनिवारी सकाळी सातला. बाहेर हाडं गोठत होती, आत रिंकवरही फार वेगळं नव्हतं. दहा-बारा पोरं गुळाला मुंगळे लागावेत तशी एका पकला, म्हणजे आइस हॉकीच्या चकतीला, चिकटलेली. गोलकीपर बर्फावर उताणा पडून छताचे दिवे मोजत होता. एकाने पक आपल्याच जाळीत सारला आणि दोन्ही बाजूंच्या आयांनी टाळ्या पिटल्या. वहिनीला विचारलं, ‘किती झाले?’ ती म्हणाली, ‘भाऊजी, इथे गोल मोजत नाहीत.’

मग माझी नजर काचेच्या अलीकडे गेली. बाकांवर पेंगुळलेले आईबाप, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात तो तांबडा कप. बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे बसलं होतं. जर्सीवरचं नाव खेळणाऱ्या पोराला धड वाचताही येत नाही. ते वाचतात थंडीत आखडून बसलेली गिऱ्हाइकं. आणि पोराच्या डोक्यात पुढे काय राहतं? पहिले स्केट्स, पहिली आपटी, आणि घरी जाताना गाडीत मिळालेला तो खाऊ. अशी आठवण चाळिशीपर्यंत सहज पुरते.

उरलेलं उत्तर कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या कोल हार्बरला मिळतं. सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅकिनन, आजच्या आइस हॉकीतली दोन मोठी नावं, दोघंही याच गावात वाढलेली आणि दोघंही लहानपणी टिमबिट्सच्या जर्सीत खेळलेली. इतर कंपन्या तयार खेळाडूच्या दारात थैली घेऊन उभ्या राहतात. इथे जाहिरातीसाठी जुन्या ओळखीवर बोलावणं धाडता येतं. (मानधन द्यावं लागतच असणार, तो भाग वेगळा.)

आता गंमत बघा. हॉकी आणि कॉफी हीच जोडी सरहद्दीपलीकडे नेली की तिचं बळ ओसरतं. अमेरिकेचा न्यू इंग्लंड भाग हॉकीवेडा आहे, थंडीही तितकीच कडक. तरी २०१० मध्ये टिम हॉर्टन्सने तिथली ३६ दुकानं बंद केली. कारण तो मुलूख डंकिन या दुसऱ्या कॉफी-डोनट कंपनीचा. डंकिन १९५० मध्ये तिथल्याच क्विन्सी गावात जन्मलं. त्याच भागातल्या प्रॉव्हिडन्समध्ये हॉकीचे सामने ज्या बंदिस्त स्टेडियममध्ये होत, त्यालाच २००१ पासून डंकिन डोनट्सचं नाव होतं. म्हणजे खेळ तोच, पेयही तेच, पण तिथल्या माणसाचं बालपण दुसऱ्याच कपाशी बांधलेलं.

याच्या उलट कंदाहार. अफगाणिस्तानातल्या त्या लष्करी तळावर २००६ मध्ये टिम हॉर्टन्स उघडलं आणि २०११ पर्यंत चाललं. जवळच कॅनडाच्या सैनिकांनी हॉकीचं मैदान केलं होतं. बर्फाचं नाव नाही, भोवती नुसती धूळ, पण स्टिका होत्या आणि चेंडू होता. परदेशातलं दुकान म्हणून याची गणना करतात, मला ते पटत नाही. गिऱ्हाईक घरचंच होतं, फक्त घर फार लांब होतं.

आणि माझा सगळ्यात आवडता दाखला केनियाचा. नैरोबीच्या पनारी हॉटेलात बर्फाची एक छोटी रिंक आहे. तिच्यावर ‘आइस लायन्स’ नावाचा संघ सराव करायचा. अडचण एकच, देशात दुसरा संघच नव्हता. खेळणार कुणाशी? आपापसातच. २०१८ मध्ये टिम हॉर्टन्सने या मंडळींना कॅनडात आणलं, नखशिखांत नवं साहित्य दिलं, आणि प्रतिस्पर्धी मिळवून दिला. ड्रेसिंग रूमचं दार उघडून त्यांच्याच बाजूने खेळायला आत कोण आलं? क्रॉस्बी आणि मॅकिनन.

या सगळ्याची जाहिरात झाली. मी ती पुष्कळदा पाहिली आहे आणि दर वेळी घशात आवंढा येतो. तरी सांगतो, त्या जाहिरातीला केनियात एक कप कॉफी विकायची नव्हती. ती होती मिसिसागाच्या त्या बाकावरच्या आईबापांसाठी. केनियाची मंडळी मात्र आयुष्यात पहिल्यांदा परक्या संघाशी खेळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही कुणी लिहून दिलेला नव्हता.

पुतण्या आता सतरा वर्षांचा आहे. हॉकी कधीच सुटली, बास्केटबॉल खेळतो. टिमबिट्सची ती जर्सी वहिनीने अजून टाकलेली नाही. शांघायला पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ, आणि चंदीगडचं दुकानही बघू, मध्येच कुणी प्रश्न विचारला नाही तर.