पावसाळ्याची बेगमी आणि एक टोंचणी

वैशाख सरत आला कीं आपल्या घरांतून बेगमीची गडबड सुरू होते. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, वर्षाचे गहूं-तांदूळ निवडून डब्यांत भरले जातात, आणि कोठें गळतें आहे काय हें पाहण्यासाठीं कोणी तरी शिडी लावून वर चढतो. मृग लागण्यापूर्वीं हें सर्व उरकलें पाहिजे, हें कोणी कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु घरांतील वडिलधाऱ्या माणसांच्या मधुमेहानें, रक्तदाबानें किंवा दम्यानें थकलेल्या देहासाठीं आपण पावसाळ्यापूर्वीं काय करतों? बहुतेक घरांतून या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर 'कांहीं नाहीं' असेंच येईल. इन्फ्लुएंझाची लस ही या बेगमींतून राहून जाणारी वस्तु आहे. तिचा विचार शिरूर व दौंड या दोन तालुक्यांना समोर ठेवून करावयाचा कारण असें कीं, या रोगाच्या प्रवासाचा मार्ग आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास हीं दोन्ही आपणांस याच भागांत पाहावयास मिळतात.

आपल्याकडील खेड्यांत या रोगाचें जुनें नांव 'मानमोडी' असें आहे. १९१८ च्या जून महिन्यांत, पहिलें महायुद्ध चालू असतांना, हा ताप मुंबई बंदरांत उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत आलेल्या दुसऱ्या लाटेनें मात्र घरेंच्या घरें रिकामीं केलीं. त्या वर्षीं पाऊसहि अपुरा झाला होता, धान्य महाग होतें आणि शरीरें आधींच खंगलेलीं होतीं. एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें दगावलीं. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्क्यानें वाढली, यावरून त्या संहाराची कल्पना यावी. साथीचा प्रसार मुख्यतः आगगाडीनें झाला. दौंड हें १८७८ पासून मनमाडकडे फांटा फुटणारें जंक्शन. एका बाजूस पुणें-मुंबई, दुसऱ्या बाजूस सोलापूर आणि तिसऱ्या बाजूस नगर. अशा गांवीं रोगास चालत यावें लागत नाहीं, तो तिकीट काढून येतो. शिरूरला रेल्वे नाहीं. पण घोडनदीच्या कांठचें हें जुनें छावणीचें गांव पुणें-नगर हमरस्त्यावर असल्यामुळें तेंहि एकाकी कधींच नव्हतें.

त्या काळीं या रोगावर लस असणें शक्यच नव्हतें, कारण माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु प्रथम हातीं आला तो १९३३ सालीं, लंडन येथें. पुढें १९४५ मध्यें अमेरिकेंत सामान्य नागरिकांसाठीं लसीस परवानगी मिळाली. म्हणजे आपल्या पणज्यांना जें साधन मिळूं शकलें नाहीं तें गेलीं ऐंशी वर्षें जगांत आहे.

'तो जुना काळ गेला' असें म्हणावें, तर २००९ सालची आठवण अजून ताजी आहे. त्या वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं स्वाइन फ्लूनें भारतांतील पहिला मृत्यु झाला तो पुण्यांतच, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा ओस पडल्या, औषधांच्या दुकानांपुढें मुखपट्ट्यांसाठीं रांगा लागल्या. तो विषाणु त्यानंतर गेला नाहीं; दरवर्षीं येणाऱ्या फ्लूच्या विषाणूंपैकीं तोहि एक होऊन बसला आहे.

याच वेळीं शिरूर तालुक्यांत एक शांतपणें चाललेलें काम फार मोलाचें ठरलें. संभाजी महाराजांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक असलेल्या वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन विभागाचें ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. आसपासच्या गांवांतील जे रहिवासी तापानें वा श्वासाच्या त्रासानें रुग्णालयांत दाखल होत, त्यांच्या घशांतील व नाकांतील नमुने तेथें घेतले गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें ते तपासले. २००९ ते २०११ या काळांत तपासलेल्या रुग्णांपैकीं सुमारे एक पंचमांश जणांस इन्फ्लुएंझा असल्याचें आढळलें. आणि ऑगस्ट महिन्यांत हें प्रमाण शेंकडा चाळीसच्या आसपास जाई. त्यांपैकीं सुमारे निम्मा आजार स्वाइन फ्लूचा, तर उरलेला नित्याच्या, ज्याला आपण 'साधा' म्हणतों त्या फ्लूचा होता. आणखी एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रुग्णालयांत दाखल होण्याचें प्रमाण पांच ते एकोणतीस या वयांत सर्वांत अधिक होतें. म्हणजे जीं मुलें शाळेंत व कॉलेजांत जातात आणि जे तरुण रांजणगांव-कुरकुंभच्या कारखान्यांत कामास जातात, त्यांच्यांत हा रोग अधिक खेळतो. तीं बहुधा बरीं होतात. पण घरीं येतांना तो बरोबर आणतात, आणि घरीं आजोबा-आजी बसलेलीं असतात.

फ्लू हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. दोन शिंका आल्या कीं 'फ्लू झाला' म्हणतों. खरा इन्फ्लुएंझा अकस्मात् येतो. सकाळीं हिंडता-फिरता मनुष्य सायंकाळीं सणसणून ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला यांनीं आडवा होतो. सुदृढ तरुण आठवड्यांत उठून बसतो. परंतु ज्याचा एखादा अवयव आधींच ओझ्याखालीं वांकलेला आहे, त्याची गोष्ट निराळी.

मधुमेह्याचें उदाहरण घ्या. तापांत शरीरामध्यें जीं द्रव्यें स्रवतात तीं इन्सुलिनच्या कार्यास विरोध करतात व रक्तांतील साखर चढते. उलट तोंडाची चव गेल्यामुळें रुग्ण जेवत नाहीं, गोळ्या मात्र चालूच असतात. मग तीच साखर एकाएकीं उतरूंहि शकते. चढलेल्या साखरेंत रक्तांतील पांढऱ्या पेशी नीट लढत नाहींत. विषाणूनें श्वासनलिकेचें अस्तर सोलून ठेवलेलें असतें, त्या वाटेनें दुसरे जंतु फुफ्फुसांत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. दम्याच्या रुग्णाच्या नलिका आधींच अरुंद. त्यांना थोडीशी सूजहि पुरेशी होते. वर्षानुवर्षें चुलीच्या धुरांत स्वयंपाक केलेल्या स्त्रियांचीं फुफ्फुसें विडी-सिगारेट न ओढतांहि जायबंदी झालेलीं असतात, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांची प्रतिकारशक्तिच उणी असते.

हृदयाचा संबंध तर पुष्कळांस ठाऊकच नसतो. तापाच्या दाहानें रक्त गुठळण्यास प्रवृत्त होतें आणि रोहिणींच्या आंत सांचलेले चरबीचे थर फुटण्याचा संभव वाढतो. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत झालेला एक अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. इन्फ्लुएंझा निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव एरवींच्या सुमारे सहापट असतो, असें त्यांत दिसून आलें. पुढें २०२१ मध्यें बांगलादेशासह आठ देशांत झालेल्या एका चांचणीचे निष्कर्ष बाहेर आले. नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांपैकीं निम्म्यांस इन्फ्लुएंझाची लस व निम्म्यांस निरुपद्रवी पाणी टोंचलें होतें. वर्षभरांत लस घेतलेल्यांत शेंकडा २.९, तर न घेतलेल्यांत शेंकडा ४.९ दगावले. एका टोंचणीचें हें फळ कमी समजूं नये.

आतां दौंडमधील असें एक घर डोळ्यांपुढें आणा. आप्पा रेल्वेंतून निवृत्त झालेले, मधुमेह वीस वर्षांचा; माईंना रक्तदाब आणि थोडा दमा. मुलगा रोज सकाळच्या गाडीनें पुण्यास जाऊन रात्रीं परततो. नातू शाळेंत. सूनबाई म्हणते, "मामंजी, यंदा आपण दोघांनीं फ्लूची लस घ्यावी." आप्पा हंसून म्हणतात, "सूनबाई, आमच्या दौंडास पाऊस तो काय? जेमतेम वीस इंच. कोंकणांतल्या लोकांनीं घ्यावी लस." आप्पांचें पावसाचें गणित बरोबर, पण निष्कर्ष चुकीचा. हा रोग भिजल्यानें होत नाहीं; तो माणसाकडून माणसाकडे जातो. भरलेल्या डब्यांत मुलाच्या शेजारीं कोणी खोकला, तर भीमेला पूर आला काय आणि ती कोरडी पडली काय, रात्रीं तो विषाणु आप्पांच्या पानाशेजारीं येऊन बसतो.

माईंची शंका निराळी. "अंड्यांत वाढवितात म्हणे ती लस. आमच्या घरांत अंडें येत नाहीं." ही शंका हंसण्यावारी नेऊं नये. बहुतेक लसींचा विषाणु कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात हें खरें आहे. पुढें तो मारून, शुद्ध करून त्याचे अंश तेवढे घेतात. टोंचणींत अंडें म्हणावें असें कांहीं उरत नाहीं, केवळ लेशमात्र प्रथिन राहूं शकतें. शिवाय आहार निराळा आणि औषध निराळें, हा भेद आपल्या आयुर्वेदानेंहि मानलेला आहे. चरकसंहितेंत प्राणिज द्रव्यांचीं औषधें आहेत. देह राखण्यासाठीं घेतलेल्या औषधानें व्रत मोडत नाहीं, असें समजावयास हरकत नसावी.

तिसरा आक्षेप असा कीं, 'लस घेऊनहि गेल्या वर्षीं ताप आलाच.' येथें लसीचा दावा नीट समजून घेतला पाहिजे. विषाणूशीं लस चांगली जुळली तर ती आजाराचा धोका साधारण शेंकडा चाळीस ते साठनें कमी करते. सर्दीच्या इतर विषाणूंवर तिचा परिणाम नाहीं. तिचें खरें काम रुग्णालय, प्राणवायूची नळी आणि अकालीं अंत यांपासून दूर ठेवण्याचें आहे. टोंचून घ्यावयाच्या लसींत जिवंत विषाणु नसल्यामुळें तिनें फ्लू होत नाहीं. एक-दोन दिवस दंड दुखणें, किंचित् कसर येणें, एवढेंच बहुधा होतें.

ही लस दरवर्षीं कां घ्यावी, असेंहि विचारतात. एक तर तिचा प्रभाव कांहीं महिन्यांत ओसरतो. दुसरें असें कीं, हा विषाणु आपलें रूप पालटतो; म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदा, फेब्रुवारी व सप्टेंबर महिन्यांत, लसींत कोणते विषाणु घ्यावे हें सुचविते. आपल्याकडे फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यांत असतो व दुसरा, लहानसा, जानेवारी ते मार्चमध्यें. लस टोंचल्यानंतर प्रतिकारशक्ति येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. यास्तव मेअखेर वा जूनच्या आरंभीं ती घेणें उत्तम. राहून गेलीच, तर पावसाळ्यांत घेतलेलीहि वायां जात नाहीं. नाकांत फवारण्याच्या लसींत दुबळा केलेला पण जिवंत विषाणु असतो. जुनाट विकार असणारांनीं ती न घेतां टोंचणीचीच घ्यावी. पूर्वीं या लसीनें तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ती घेऊं नये; अंगांत ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावें; अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास किंवा हातपाय लुळे पाडणारा गियां-बारे नांवाचा विकार होऊन गेला असल्यास डॉक्टरांस आधीं सांगावें. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीहि कल्पना द्यावी. आणि लस घेतली असो वा नसो, अशा रुग्णास ताप आला तर 'उद्यां पाहूं' म्हणूं नये. इन्फ्लुएंझावरील औषध पहिल्या दोन दिवसांत दिलें तरच त्याचा पुरता गुण येतो. धाप लागणें, ओंठ निळसर दिसणें, छातींत दुखणें, भ्रम होणें यांपैकीं कांहींहि दिसतांच रुग्णालय गांठावें.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो लहान नाहीं. लस खासगीरीत्या घेतल्यास तिचा खर्च मध्यम स्थितींतील घरालाहि जाणवतो. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्यसेवक यांना ही लस सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य व ऐच्छिक रीतीनें देण्यास आरंभ केला. तेव्हां शिरूर वा दौंडच्या सरकारी रुग्णालयांत यंदा ती केव्हां मिळेल याची चौकशी प्रथम करावी.

ही चौकशी केवळ आपल्या घरापुरती करूं नये. १९१८ च्या साथींत मुंबई शहरांत, ज्यांस तेव्हां हलक्या जातीचे म्हणत, त्या हिंदूंत दर हजारीं ६१ मृत्यु झाले. वरच्या जातींच्या हिंदूंत सुमारे १९, तर युरोपियनांत ८. विषाणु एकच होता. घर, अन्न आणि शुश्रूषा हीं मात्र सर्वांना सारखीं नव्हतीं. आपल्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंनाहि मधुमेह असतो, धुणें-भांडीं करणाऱ्या मावशींनाहि दमा असतो. त्यांना दोन दिवस रजा देऊन आपण कर्तव्य संपलें असें मानतों. पावसाळ्यापूर्वीं त्यांना बरोबर घेऊन रुग्णालयाची पायरी चढणें, किंवा त्यांच्या लसीचा खर्च आपण उचलणें, हें अधिक शोभेल. त्यांत परोपकाराइतकाच स्वार्थहि आहे, कारण त्यांची व आपल्या आप्पा-माईंची हवा दिवसांतले कांहीं तास एकच असते.

यंदा बेगमीची यादी कराल तेव्हां गहूं, तांदूळ, तिखट, हळद यांच्या खालीं आणखी एक ओळ लिहून ठेवा, आणि पहिला वळीव पडण्यापूर्वीं ती खोडून टाका.