लग्न फुकेतला, तिकिटाचा दर घरच्या बैठकीत

फुकेत, क्राबी, हुआ हिन ही थायलंडमधली नावं आता मराठी लग्नपत्रिकांवरही दिसू लागली आहेत. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली की आहेर काय करायचा हा प्रश्न मागे पडतो आणि 'तिकीट कितीला पडेल?' हा पुढे येतो. राहण्याजेवणाचं यजमान बघतात, विमानाचं बहुधा ज्याचं त्यानं बघायचं असतं. मग कुणी भाचा सांगतो मंगळवारी रात्री काढा, कुणी जावई सांगतात सगळ्यांची एकदम काढा. या सल्ल्यांमधले बरेचसे ऐकीव असतात. आणि पाहुण्याला तिकीट किती महाग पडणार, याचा मोठा भाग त्याने मोबाइल हातात घेण्याच्या कितीतरी आधी, यजमानांनी जागा आणि तारीख पक्की केली तेव्हाच ठरून गेलेला असतो.

'सगळ्यांची तिकिटं एकदम काढली की स्वस्त पडतात.'

हा सगळ्यात लाडका गैरसमज. घाऊक खरेदीत सूट मिळते, तेव्हा विमानातही मिळणारच, असा हिशेब. पण विमानातल्या एकाच वर्गाच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. स्वस्त कप्पा संपला की विक्री पुढच्या महाग कप्प्यातून सुरू होते. तुम्ही एका वेळी सहा जागा मागितल्या आणि स्वस्त कप्प्यात चारच उरल्या असतील, तर संगणक साधारणपणे सहाही जागा वरच्या दराने दाखवतो. समजा स्वस्त दर 11,000 रुपये आणि पुढचा 13,500. सहा जणांचे एकदम 81,000 होतील. आधी चार आणि मग दोन काढली तर 71,000. तेच विमान, तेच जेवण, फरक दहा हजारांचा. म्हणून आधी एका माणसाचा दर बघावा, मग दोघांचा, मग चौघांचा. दर कुठे उडी मारतो ते लगेच दिसतं. तिकिटं अशी तोडून काढली तर लहान मुलं मात्र आईबाबांच्याच बुकिंगमध्ये राहतील एवढं बघा.

वेबसाइटवर एका बुकिंगमध्ये बहुतेक ठिकाणी नऊच प्रवासी बसतात. दहा किंवा त्याहून जास्त झाले की एअरलाइनच्या ग्रुप बुकिंगकडे जावं लागतं. तिथला दर वेबसाइटवरच्या सगळ्यात कमी दरापेक्षा जास्तही असतो, आणि लोकांना वाटतं एजंटने लुटलं. ग्रुप बुकिंगचा खरा उपयोग दुसराच आहे. थोडी आगाऊ रक्कम भरून दर गोठवता येतो, प्रवाशांची नावं नंतर देता येतात, आणि ठरावीक मुदतीपर्यंत नाव बदलताही येतं. 'काकांचं अजून नक्की नाही, सुट्टी मिळाली तर येतील' अशी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी ही सोय मोलाची. ज्यांचं येणं पक्कं आहे, त्यांनी आपलं आपण काढलेलं बरं. दोन्ही मिळून केलं तर उत्तम. मात्र ग्रुपमधली संख्या ठरल्यापेक्षा घटली तर दंड किती, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

'मंगळवारी रात्री, इन्कॉग्निटोमध्ये काढा.'

यात फारसा दम नाही. तुम्ही तीनदा शोधलंत म्हणून एअरलाइन मुद्दाम दर वाढवते, याला भक्कम पुरावा नाही. दर वाढलेला दिसतो तो मधल्या काळात स्वस्त कप्पा संपला म्हणून, किंवा तिकीट शोधणाऱ्या वेबसाइटवर जुना दर साठवलेला होता म्हणून. तिकीट कुठल्या वारी विकत घेतलं यापेक्षा प्रवास कुठल्या वारी आहे हे महत्त्वाचं.

आणि इथे गोष्ट पुन्हा यजमानांकडे येते. शनिवारी लग्न ठेवलं की सगळे गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी निघणार आणि रविवारी रात्री परतणार. याच जागा नेहमीच्या पर्यटकांनाही हव्या असतात. बुधवारी मुहूर्त असेल तर हॉटेलही उतरतं आणि तिकीटही.

महिन्याचंही तसंच. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत, तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही 20 डिसेंबर ते 5 जानेवारी हा काळ टाळलेला बरा, कारण तेव्हा अर्धं जग तिकडे निघालेलं असतं. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त किंवा पौष संपल्यावरचे माघातले, हे हवामानाला आणि खिशाला दोन्हींना मानवतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून आपल्याकडून निघणारी विमानं महाग, आणि तिकडे पाऊस सुरू झालेला. को समुई मात्र थायलंडच्या आखातात आहे. तिथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, नोव्हेंबर सगळ्यात ओला. कार्तिकातला मुहूर्त काढून समुईच्या किनाऱ्यावर मांडव घालणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

'थायलंड म्हणजे थायलंड, कुठेही केलं तरी तिकीट तेवढंच.'

अजिबात नाही. समुईचं विमानतळ बँकॉक एअरवेज या खाजगी कंपनीने बांधलं. 1989 मध्ये ते सुरू झालं आणि आजही त्याच कंपनीच्या ताब्यात आहे. त्यामुळे स्वस्त विमान कंपन्यांची स्पर्धा तिथे जवळजवळ नाही, आणि बँकॉक ते समुई हा छोटासा टप्पा त्याच्या लांबीच्या मानाने महाग पडतो. पर्याय आहे: सुरत थानीला उतरून बसने डोनसाकच्या धक्क्यावर आणि तिथून फेरीबोटीने बेटावर. तरुण मंडळींना यात मजा वाटेल. गुडघे दुखणाऱ्या आत्यांना आणि चार बॅगा घेतलेल्या मामींना वाटणार नाही.

फुकेतचं तसं नाही. मुंबईहून थेट विमानं आहेत, बँकॉकहून दिवसभर आहेत, आणि स्पर्धा आहे म्हणून दर आवाक्यात राहतात. क्राबीला लग्न असेल तरी फुकेतला उतरणं अनेकदा परवडतं. अंतर साधारण 160 किलोमीटर आहे आणि रस्त्याने अडीच-तीन तास लागतात. यजमानांनी दोन मिनीबस ठेवल्या तर पंचवीस-तीस पाहुण्यांचा पुढचा प्रश्न मिटतो. हुआ हिन तर बँकॉकपासून दोनशे किलोमीटरवर, गाडीने तीन-साडेतीन तास. पुण्याहून बँकॉकला थेट विमान असताना पुणेकर पाहुण्यांसाठी हुआ हिनसारखी जागा सोयीची, पुढचं दुसरं तिकीट लागतच नाही. नागपूर, नाशिक, कोल्हापूरच्या पाहुण्यांना मुंबई गाठण्याचा खर्च आणि एखादी रात्र धरावीच लागते. हॉल बघायला जाण्याआधी पाहुण्यांची यादी गावांनुसार लावून पाहिली तर निम्मा निर्णय आपोआप होतो. हे फार थोडे यजमान करतात.

'दोन वेगळी तिकिटं जोडली की हमखास वाचतात.'

कधी वाचतात, कधी अंगाशी येतात. बँकॉकला दोन विमानतळं आहेत. भारतातून जाणारी बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात. फुकेतची कितीतरी स्वस्त विमानं मात्र डॉन मुआंगहून सुटतात. दोन्हींमध्ये रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर आहेत आणि बँकॉकची वाहतूक मुंबईकरालाही रडवते. विमानतळांची मोफत बस आहे, पण इमिग्रेशन, सामान आणि रस्ता मिळून चार-पाच तास हाताशी हवेत. आता हाच घोटाळा आपल्या दारातही होऊ शकतो. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. नागपूरहून तिथे उतरायचं आणि पुढचं विमान अंधेरीहून असायचं, असं तिकीट नकळत काढलं जातं.

मुख्य म्हणजे दोन वेगळी तिकिटं असली की पहिलं विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी एअरलाइन घेत नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. एकाच तिकिटावर दोन टप्पे असतील तर पुढच्या विमानात बसवून देणं एअरलाइनकडे असतं. त्यामुळे हळदीच्या दिवशी सकाळी पोहोचायचं असेल तर दोन तिकिटांचा खेळ खेळू नये. दोन दिवस आधी जाणाऱ्यांनी खुशाल खेळावा.

अमेरिकेतल्या भावंडांचा प्रश्न वेगळा. न्यू जर्सीहून मुंबई, मग वऱ्हाडाबरोबर फुकेत, परत मुंबई, परत अमेरिका, असं ते सरधोपट ठरवतात. मुंबईला जायचं आणि बँकॉकहूनच अमेरिकेला परतायचं, अशा मल्टी-सिटी तिकिटाचा दरही तपासावा. तो नेहमीच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या आसपासच असतो असं पुष्कळदा दिसतं, आणि परतीचा मुंबईचा टप्पा वाचतो. सामानाचं भान मात्र हवं. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा चालतात, मुंबई-फुकेतच्या वेगळ्या तिकिटावर अनेकदा एकूण 20 किलोच. तो जादा भार विमानतळावर मोजला की स्वस्त तिकीट महाग होतं.

'तिकिटावर दिसतो तोच खर्च.'

सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इन सामान नसतंच, असंही होतं. नऊवाऱ्या, शेरवान्या, मानपानाच्या साड्या सात किलोच्या हातातल्या बॅगेत मावत नाहीत. सामान तिकिटाबरोबरच विकत घ्यावं, काउंटरवर ते कितीतरी महाग पडतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. तेलामुळे खोबरं ज्वलनशील मालात गणलं जातं आणि सुरक्षा तपासणीत बाहेर काढलं जातं. ओटीचे नारळ तिथेच घ्यावेत, थायलंडला नारळांचा तोटा नाही.

आपल्याकडे आणखी एक खर्च नावापायी होतो. लग्नात नाव बदललेल्या काकूंना सगळं घर एका नावाने ओळखतं आणि पासपोर्टवर माहेरचं असतं. उत्साही पुतण्या घरच्या नावाने तिकीट काढतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळायलाच हवं. म्हणून पाहुण्यांकडून नाव टाइप करून मागवू नये, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवावा. त्यावर मुदतही दिसते, आणि प्रवासाच्या तारखेपासून ती सहा महिने तरी उरलेली असावी. भारतीय एअरलाइनच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या तिकिटात नावाची चूक झाली असेल तर ती 24 तासांच्या आत कळवावी, दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाला हे लागू होईलच असं नाही.

'चार्टर केलं तर माणशी स्वस्तच पडेल.'

दीडशे वऱ्हाडी, 180 जागांचं विमान, म्हणजे गणित जमलं असं वाटतं. पण वऱ्हाड सोडून ते विमान रिकामं परत येतं आणि चार दिवसांनी न्यायला पुन्हा रिकामं जातं. चार फेऱ्यांचे पैसे, दोन फेऱ्यांत माणसं. हौस म्हणून करा, बचत म्हणून नको.

यजमानच सगळ्यांची तिकिटं आणि हॉटेल एका एजंटकडून घेणार असतील तर टीसीएस, म्हणजे एजंटने बिलाबरोबरच वसूल करायचा आयकर, लागतो. नुसतं विमानाचं तिकीट विकत घेतलं तर तो लागत नाही. तिकीट, हॉटेल आणि इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र घेतल्या की आयकर खात्याच्या लेखी ते परदेशी सहलीचं पॅकेज ठरतं. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण लग्नाच्या तोंडावर रोख अडकते. या कराचा दर वेळोवेळी बदलत आला आहे, सीएला विचारूनच एजंटला होकार द्यावा.

व्हिसाचं थोडक्यात. 15 जुलै 2024 ला थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा दिली. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या वेबसाइटवर बघावं. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र प्रत्येकाला भरावंच लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन आणि फुकट. ते भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट गूगलवर वरच दिसतात. ज्येष्ठ मंडळींचे फॉर्म घरातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीकडे सोपवावेत आणि व्हीलचेअरची मागणीही तिलाच एअरलाइनकडे आधी नोंदवायला सांगावी. व्हीलचेअरचे वेगळे पैसे बहुधा पडत नाहीत.