एक दात कमी केला की गाडी खरंच पळते? फायनल ड्राइव्हचं गणित समजून घ्या

इन्स्टाग्रामवर गाड्यांच्या रील्स बघत असाल तर हा सल्ला तुमच्यापर्यंत पोहोचलाच असेल. बाईकचं पुढचं स्प्रॉकेट एका दातानं कमी करा आणि पिकअप बघा. स्पोर्ट्स कारवाले हीच गोष्ट मोठ्या खर्चात करतात, ते क्राऊन-पिनियनचा सेट बदलतात. गाडी वेगळी, खर्च वेगळा, पण गणित एकच. त्या गणिताचं नाव फायनल ड्राइव्ह रेशो.

एमएच-३८ पासिंगची बाईक हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचं पोतं घेऊन येते, सुट्टीच्या दिवशी औंढा नागनाथला जाते आणि अकोला-नांदेड हायवेवरही पळते. या तिन्ही कामांना एकच रेशो सारखा मानवत नाही. म्हणून कुणाच्या तरी रीलवर विसंबून पैसे घालण्याआधी विषय नेमका काय आहे तो बघू.

फायनल ड्राइव्ह म्हणजे काय?

इंजिन मिनिटाला हजारो फेरे मारतं. चाकाला एवढे फेरे नको असतात, त्याला जोर हवा असतो. म्हणून गिअरबॉक्स फेरे कमी करतो आणि जोर वाढवतो. गिअरबॉक्सच्या पुढे, चाकाच्या आधी, हे काम शेवटचं एकदा होतं. तोच फायनल ड्राइव्ह.

बाईकमध्ये ते काम चेन आणि दोन स्प्रॉकेट करतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये डिफरन्शियलमधलं क्राऊन-पिनियन करतं. हिशोब सोपा आहे. चाकाकडच्या गिअरचे दात भागिले इंजिनकडच्या गिअरचे दात.

समजा, तुमच्या बाईकला पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत. रेशो झाला ३. पुढे १३ दात लावले तर रेशो होतो ३.२३, म्हणजे जवळपास ८ टक्के जास्त. मागचं स्प्रॉकेट ४५ दातांचं केलं तरी रेशो ३.२१ येतो. म्हणजे पुढचा एक दात कमी करणं आणि मागचे तीन दात वाढवणं जवळपास सारखंच.

मग फायदा काय आणि तोटा काय?

फायदा खरा आहे. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे ८ टक्के जास्त जोर मिळतो. लोड घेऊन चढ चढताना गाडी कमी दमते, गिअर कमी वेळा टाकावा लागतो.

पण इंजिनची ताकद वाढत नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं, असा हा व्यवहार आहे. जो गिअर आधी ४० च्या स्पीडपर्यंत खेचायचा, तो आता ३७ लाच संपतो. आधी ६० च्या स्पीडला इंजिन ५,००० आरपीएमवर असेल तर आता ते ५,३८५ वर जाईल. ६० चा स्पीड म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला इंजिनचे ३८५ फेरे जास्त. रोज ४० किलोमीटर हायवेनं कामाला जाणाऱ्यासाठी हे रोजचे १५ हजारांवर जास्तीचे फेरे झाले. आवाज, व्हायब्रेशन आणि पेट्रोल, तिन्हींत ते जाणवतात.

टॉप स्पीड कमीच होतो, असंही नाही. शेवटच्या गिअरमध्ये वाऱ्याविरुद्ध किंवा डबलसीट जाताना इंजिन पूर्ण आरपीएमपर्यंत पोहोचतच नसेल, तर रेशो थोडा वाढवल्यावर टॉप स्पीड तेवढाच राहू शकतो, कधी किंचित वाढतोही. आधीच लाल रेषेपर्यंत जात असेल तर मात्र तो नक्की घटतो.

स्पोर्ट्स कारचं उदाहरण बघा

टोयोटानं २०१२ मध्ये ८६ ही स्पोर्ट्स कार आणली. मॅन्युअल गिअरबॉक्सला फायनल ड्राइव्ह ४.१ होता. २०१७ च्या मॉडेलमध्ये कंपनीनं तो ४.३ केला. फरक जेमतेम ५ टक्क्यांचा.

२१५/४५ आर१७ टायर धरून हिशोब केला तर सहाव्या गिअरमध्ये १०० च्या स्पीडला इंजिन आधी साधारण २,६७० आरपीएमवर असायचं, नंतर २,८०० वर. हायवेवर ते सहज खपून जातं. पण ७,४०० आरपीएमला दुसरा गिअर आधी ९७ पर्यंत जायचा, तो ९३ वर आला. परदेशात गाडीचा वेग ० ते ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटरपर्यंत मोजतात. नव्या रेशोत तिथे पोहोचायला तिसरा गिअर टाकावाच लागतो आणि त्यात वेळ जातो. जोर वाढूनही घड्याळात फायदा दिसेलच असं नाही, तो असा.

याच गाडीत ४.८ चा सेट टाकला तर १०० च्या स्पीडला आरपीएम ३,१०० च्या पुढे जातो. छोट्या ट्रॅकवर मजा, रोजच्या प्रवासात डोकेदुखी.

बदलणं खरंच गरजेचं कधी असतं?

टायर मोठे केले तेव्हा. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचे टायर टाकले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि गाडी सुस्त होते. मूळ जोर परत हवा असेल तर जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. ४.१ चा रेशो असेल तर उत्तर येतं ४.५४. आणि गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलचा रेशो मिळून बदलावा लागतो. एकच बदलला तर फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि काहीतरी तुटतं.

पैसे घालण्याआधी हे तपासा

१. गाडी अचानक मंदावली असेल तर दोष रेशोचा नाही. क्लच, एअर फिल्टर, टायरची हवा, घासणारे ब्रेक आणि चेनचा ताण आधी बघा.

२. स्पीडोमीटरचा सेन्सर कुठे आहे ते विचारा. पुढच्या चाकावर असेल तर काळजी नाही. गिअरबॉक्सवर असेल तर रेशो बदलल्यावर स्पीड चुकीचा दिसतो.

३. ताणलेल्या जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवू नका, ते लवकर झिजतं. पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान, तितकी चेन जास्त वाकते आणि जास्त झिजते. मागचं मोठं केलं तर चेनची लांबी पुरते का ते बघा. धावत्या गाडीची चेन तुटून चाकात अडकली तर चाक जाम होऊ शकतं.

४. कारचं क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलतात. दोन वेगळ्या सेटमधले एकेक गिअर जुळवू नका. त्यांच्यातली फट आणि बेअरिंगचा ताण मोजून सेट करावा लागतो. त्यात चूक झाली तर डिफरन्शियल घूं-घूं वाजायला लागतं आणि पुढे दात तुटतात. मोजमाप करणारा मिस्त्री नसेल तर हे काम नकोच.

५. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत, असा बदल करता येत नाही. त्यामुळे आरटीओ, विमा आणि वॉरंटीचं काय, ते काम करण्याआधी विचारून घ्या.

मग निवडायचं कसं?

स्वतःला एकच प्रश्न विचारा. माझी गाडी जास्तीत जास्त वेळ कोणत्या स्पीडला आणि किती लोड घेऊन चालते? उत्तर शेतरस्ता, पोती आणि चढ असेल तर रेशो थोडा वाढवायला हरकत नाही. उत्तर हायवे असेल तर कंपनीचाच रेशो ठेवा. बाईकवर सुरुवात एका दातापासून करा आणि जुनं स्प्रॉकेट फेकू नका, नाही पटलं तर परत लावता येतं. कारमध्ये हे परतीचं तिकीट महाग पडतं, म्हणून तिथे पाना हातात घेण्याआधी कागदावर गणित करा.